अंजूरफाट्याचा बँड

बँडचं नाव 'अंजूरफाटा' ठेवायची कल्पना अनयची, आणि तिची फळं पुढे कितीतरी वर्षं तिघांना चाखावी लागली. मुंबईत कुठे कार्यक्रम असला की निवेदक विचारायचा, "पत्ता कळला, पण बँडचं नाव काय?" आणि भिवंडीत कुणाला सांगावं, "आम्ही अंजूरफाटा," तर समोरचा लगेच म्हणायचा, "आजपण जाम आहे का?"

नाव उगाच ठेवलेलं नव्हतं. तिघांची ओळखच त्या फाट्यावरच्या जाममध्ये झाली होती. मृणाली शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी ठाण्याला ड्रम शिकायला जायची. एका संध्याकाळी ती परत येताना रिक्षात अडकून पडली होती. तिच्या पिशवीतून ड्रमच्या काठ्या बाहेर डोकावत होत्या. शेजारी स्कूटरवर पाठीला गिटार बांधलेला एक दाढीवाला होता. त्याने काठ्यांकडे बघितलं, तिने गिटारकडे. तो केदार, ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवणारा. पुढचा ट्रक हलेपर्यंत दोघांच्या आवडीनिवडी, भांडणं, गाण्यांच्या याद्या, सगळं बोलून झालं. तेव्हा मागच्या गाडीतून एक गोल चेहरा बाहेर आला नि म्हणाला, "माफ करा, सगळं ऐकलं मी. तुम्हाला बेस वाजवणारा लागेल ना?" हा अनय. पडघ्याच्या बाजूला एका मोठ्या गोडाऊनच्या ऑफिसात होता आणि घरी त्याने वायरींचं जंगल करून ठेवलं होतं.

पहिला अल्बम त्यांनी नारपोलीत केदारच्या मामांच्या लूमच्या कारखान्यात रेकॉर्ड केला. शुक्रवारी कारखाना बंद असायचा. अनयने भिंतींना सुताच्या गोण्या लावल्या आणि अगदी विलायती स्टुडिओ तयार झाल्यासारखा हात झटकला. पण शेजारच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक गाण्यात मागे बारीक खटखट आली. मुंबईच्या एका समीक्षकाने लिहिलं, की या बँडने यंत्रयुगाची लय फार विचारपूर्वक वापरली आहे. मृणालीने ते वडिलांना, तात्यांना, वाचून दाखवलं. तात्या नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कानाला फोन लावून अल्बम शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "छान आहे गं. शेजारी लूम चालू आहे वाटतं."

त्या अल्बमचं नाव 'फर्स्ट गिअर'. दुसऱ्याचं 'न्यूट्रल'. तो त्यांनी अंधेरीतल्या चकचकीत स्टुडिओत केला. आवाज असा स्वच्छ, की त्यात जीवच राहिला नाही. कार्यक्रम व्हायचे, नाही असं नाही. पुणे, नाशिक, एकदा थेट बडोदा. पण ऐकणारे बहुतेक स्वतःही कुठल्या ना कुठल्या बँडमध्ये असायचे. ते हाताची घडी घालून उभे राहत आणि मृणालीच्या हातांकडे, काही चुकतंय का, ते बघत. ती चुकायची नाही. घरी येताना मात्र तिला वाटायचं, आपण परीक्षा देऊन आलोय.

तिसऱ्या अल्बमची गाणी केदारकडून येता येईनात. आली तर सगळी हळू, दुखरी, संपता संपत नाहीत अशी. "तिसऱ्याचं नाव 'रिव्हर्स' ठेवू," अनय म्हणाला. केदारला ते लागलं. तो म्हणाला, "मला वाटतं, थांबूया आता. चाळिशी आली. किती दिवस पोरखेळ?" दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मृणालीने एकच गणित दोनदा सोडवलं, आणि मुलांनीही आदराने दोनदा उतरवून घेतलं.

अशातच एप्रिलमध्ये तिला फोन आला. इंटरनेटवर बँडच्या पानावर तिचाच नंबर होता.

"अंजूरफाट्याचा ब्यांड का?"

"हो, अंजूरफाटा बँड," मृणाली म्हणाली.

"मी नवशा बोलतंय, उंबरपाड्यावरना. वज्रेश्वरीच्या पुढं. आमचे इथं कार्यक्रम हाय शनवारी. याल का वाजवाला?"

"कसला कार्यक्रम आहे?"

"मोठा हाय, ताई. सगला पाडा येल, आजूबाजूचं पाडंबी. हजारभर माणूस त असंल."

मृणालीने फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्यासमोर आजवर बसलेला सगळ्यात मोठा श्रोतृवर्ग म्हणजे कॉलेजच्या संमेलनातला, आणि त्यातली निम्मी मुलं जेवणाच्या कूपनांसाठी थांबली होती. "जनरेटर आहे का?" एवढंच तिने विचारलं. "हाय ना," नवशा म्हणाला, आणि ठरलं.

"आदिवासी महोत्सव असणार," केदार म्हणाला. "सांस्कृतिक विभागाचा वगैरे." थांबूया म्हणणाऱ्या माणसाने त्या रात्री नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

शनिवारी दुपारी अनयच्या गाडीत ड्रम कोंबून ते निघाले. नदीनाका, अंबाडी, पुढे वज्रेश्वरीचं देऊळ मागे टाकून डोंगराच्या पायथ्याला वळले. पळसाखालून कच्चा रस्ता होता, आणि रस्त्याच्या शेवटी स्टेज नव्हतंच. अंगणात जांभळाच्या डहाळ्या घातलेला हिरवागार मांडव होता. चुलाणावर भाताचे टोप होते. एका पाटीत वाटलेली हळद होती, आणि कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी झालेली पोरं गाडीच्या मागे धावत होती.

मृणालीला सगळं एका क्षणात कळलं: ही लग्नाची हळद होती.

नवशा पुढे आला. पन्नाशीचा, सडपातळ, नवा टॉवेल खांद्यावर. त्याने गाडीत वाकून पाहिलं. "बाकीचे मागून येतात का?"

"बाकीचे कोण?" अनयने विचारलं.

"ट्रंपेटवाले. बेंजोवाला. आन् मोठा ढोल?"

"एवढेच आहोत आम्ही," मृणाली म्हणाली. "दादा, घोटाळा झाला. आम्ही लग्नातला बँड नाही. आम्ही आमचीच गाणी वाजवतो. अंजूरफाटा हे आमचं नाव आहे. तुम्हाला अंजूरफाट्यावरचा बँड पाहिजे होता ना?"

नवशाने टॉवेल खांद्यावरून काढला, परत ठेवला. "म्हंजे तुमी अंजूरफाट्याला राहतबी न्हाय?"

"जवळच राहतो. नारपोलीला."

"मृणाली, चल," केदार हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माफी माग आणि निघू. हळदीला वाजवायचं का आता आपण?"

तेवढ्यात घरातून नवरी बाहेर आली. चंद्रा, नवशाची थोरली मुलगी. काल्हेरला एका गोडाऊनमध्ये ती ऑनलाइनचं सामान पॅक करायची आणि ड्युटीवर उभी राहून राहून तिच्या उभं राहण्यातच एक शिस्तीचा ठामपणा आला होता. तिने बापाला बाजूला केलं, गाडीतल्या ड्रमकडे बघितलं, मग मृणालीकडे.

"ह्ये तुमी वाजवता?"

"हो."

"बाई असून?" असं विचारताना ती खुदकन हसली. "मग झालं की. बाबा, आता दुसरा ब्यांड कुठनं गावनार? लग्नाची तिथी किती दाट हाय ती बघा. दादा, जाऊ नका तुमी. वाजवा काय येतं ते. आमी नाचू."

'आमी नाचू' हे शब्द त्यांच्या बँडला आजवर कुणी म्हटलेले नव्हते. मृणालीने ड्रम उतरवायला घेतले.

उन्हं कलल्यावर सगळं लागलं. अनयने माइक बांधले आणि नेहमीच्या सवयीने लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं. मांडवाच्या कडेने माणसं दाटीने बसली होती. हजार असतील-नसतील, पण झाडावरची पोरं धरली तर कमीही नसतील. केदारने डोळे मिटले आणि 'न्यूट्रल'मधलं त्याचं सगळ्यात आवडतं गाणं सुरू केलं. एकटेपणाबद्दलचं होतं. पहिलं कडवं झालं. कुणी हललं नाही. दुसरं झालं. एक म्हातारी उठली, लुगडं सावरत पार माइकजवळ आली आणि केदारच्या तोंडाकडे निरखून बघत शेजारणीला म्हणाली,

"कोन मेला गं याच्या घरात?"

माइक चालूच होता. अख्ख्या मांडवाने ऐकलं आणि हशाचा असा लोंढा आला की जनरेटरचा आवाजही बुडाला. ती राहीबाई, चंद्राची आत्या. पाड्यावरची धवलेरी. इथली लग्नं ब्राह्मण लावत नाहीत, धवलेरी लावतात, गाणी म्हणून. अशा बाईसमोर आपण गायला उभे राहिलो होतो हे केदारला नंतर कळलं. तेव्हा मात्र त्याने गिटार खाली ठेवली, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला आणि पाणी मागितलं.

अनय मृणालीकडे बघत राहिला. मांडव मृणालीकडे बघत राहिला. आता गाणं नव्हतं, गाणारा नव्हता. तिच्या हातात दोन काठ्या होत्या आणि समोर सगळा पाडा.

तिने साधा ठेका धरला. चार-चारचा, रॉकचा, झोपेतही वाजवेल असा. दोन पोरं उठली, चार पावलं टाकली, अडखळली. मग बायकांची एक रांग उठली. कमरेत हात घालून त्या चालू लागल्या, तोंडाने त्यांचं त्यांचं काही गुणगुणत. मृणालीने त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय तिच्या ठेक्यावर पडतच नव्हते. तिसऱ्या मात्रेला त्या किंचित वाकत, जणू खाली पडलेलं काही उचलतायत, आणि मग पुढचं पाऊल जरा उशिरा पडे. तिने तो उशीर ड्रमवर घ्यायचा प्रयत्न केला. चुकली. परत चुकली. राहीबाईने रांगेतूनच तिला मानेने 'न्हाय' केलं. तिसऱ्यांदा मृणालीने हातांचा विचार सोडला, नजर नुसती पायांवर ठेवली, आणि त्यांचं पाऊल आणि तिच्या ड्रमचं पेडल एकदम पडलं.

धप्प.

रांगेतून एकच किंकाळी उठली, आनंदाची. मृणालीच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती वाजवत होती, आणि तिच्या वाजवण्याला आज पहिल्यांदा जमिनीतून उत्तर येत होतं. अनयने बेसवर तीनच सूर धरले, जाडेभरडे. रांगेचं वर्तुळ झालं, वर्तुळात वर्तुळ झालं. हळदीची पाटी फिरली. कुणीतरी अनयचा चष्मा पिवळा केला. कुणीतरी येऊन वाजवणाऱ्या मृणालीच्या दोन्ही गालांना हात पुसले, आणि तिला हात सोडता येईनात म्हणून ती नुसती हसत राहिली.

ठेका जरा निवला तेव्हा पाटावर बसलेली चंद्रा झाडाकडे बघत ओरडली, "ओ दादा! ब्यांडचं नाव अंजूरफाटा हाय ना? मग अंजूरफाट्याचं गाणं न्हाय का तुमच्याकडं?"

केदारने मान वर केली. गाणं होतं. पहिल्या अल्बममधलं, तेही रडकंच. जाममध्ये अडकलेल्या आयुष्याबद्दल. त्याने इकडेतिकडे बघितलं, उठला, गिटार घेतली आणि जरा घाबरतच सुरू केलं:

*पुढचा सरकला की मी सरकेन,*
*मी सरकलो की मागचा सरकेल,*
*तोवर बंद कर गाडी, बस जरा,*
*संध्याकाळ झाली तर होईल...*

चंद्राच्या मैत्रिणी, तिच्याच गोडाऊनच्या बसने रोज त्याच फाट्यावरून जाणाऱ्या, एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. "अगं, आपलीच बस ही!" मागून कुणी टेंपोवाला जीव खाऊन ओरडला, "अय, सरक की!"

आणि सगळा मांडव ओरडला, "सरक! सरक!"

मृणालीने केदारकडे बघितलं. केदारने मृणालीकडे. तिने त्याला विचारलं नाही. लय दुप्पट केली आणि तिसऱ्या मात्रेचं ते वाकणं त्यात घातलं. दहा वर्षं कण्हत असलेलं गाणं ताडकन उठून उभं राहिलं. केदारच्या तोंडून आपोआप नवीन ओळी यायला लागल्या. त्याने नवऱ्या मुलाला अंजूरफाट्यावर अडकवलं:

*नवरा अडकला बसमध्ये,*
*हळद वाळली वाटीमध्ये...*

"सरक! सरक!"

*करवली म्हणते, चालत ये,*
*नवरा म्हणतो, चप्पल दे...*

"सरक! सरक!"

त्याने नवशाला अडकवलं, वरातीचा टेंपो अडकवला, एक बैलगाडी अडकवली. पाटावरची चंद्रा हसता हसता आडवी झाली. तिच्या आईने तिला उठवून बसवलं आणि मग स्वतःच नाचायला गेली. सूर्य डोंगरामागे गेला तरी गाणं संपेना, कारण थांबलं की कुणीतरी 'सरक' म्हणायचं आणि ते परत सुरू व्हायचं. शेवटी केदारचा घसा बसला तेव्हा राहीबाई त्याच्याजवळ आली, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर हळदीचा अख्खा पंजा उमटवला आणि म्हणाली, "आता बरा गातोस. मघाशी काय पोटात दुखत व्हतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघे अनयच्या घरी बसले. मृणालीचे तळहात सुजले होते. अनयने रेकॉर्डिंग लावलं. आवाज भयंकर होता. जनरेटर घरघरत होता, कुत्री भुंकत होती, कुणी मधेच माइकमध्ये "भात वाढला रं" म्हणत होतं. पण ते पहिलं 'धप्प' आलं आणि केदार खुर्चीतून उठला. गाणं संपेपर्यंत उभाच होता.

"हाच," तो म्हणाला. "हाच तिसरा अल्बम. आपण स्टुडिओत शोधत होतो तो."

"त्यांचा आवाज आहे त्यात," मृणाली म्हणाली. "त्यांना विचारायला पाहिजे."

लग्नाची गडबड निवल्यावर ते परत पाड्यावर गेले. नवशाच्या अंगणात सगळ्यांना ऐकवलं. पोरं स्वतःच्या किंकाळ्या ओळखून लोळत होती. मधेच एका जागी मागे राहीबाईचा एकटीचा आवाज लागला होता. मांडवात हळद लावताना ती धवला, लग्न लावायचं गाणं, म्हणत होती, तो मशीनने धरला होता. राहीबाईचा चेहरा बदलला.

"ह्ये न्हाय ठेवाचा," ती म्हणाली. "ह्ये लग्नातला हाय. लग्न हाय तवाच म्हनाचा. मशीनमंदी न्हाय."

अनयने वाद घातला नाही. तिच्यासमोर तेवढा तुकडा काढला, परत लावून दाखवला. राहीबाईने कान देऊन खात्री केली.

"आणि 'सरक' ठेवू का, आत्या?" मृणालीने विचारलं.

"त्येबी ठेवू नका."

तिघांचेही चेहरे उतरले.

"त्या दिशी माजा घसा बसलेला," राहीबाई म्हणाली. "तीन दिस गात व्हते मी. परत घ्या. चांगला घ्या."

मग मे महिन्यातल्या एका रविवारी अनयने सगळं सामान उंबरपाड्यावर नेलं. सकाळीच सुरुवात झाली. चंद्रा सासरहून नवऱ्याला घेऊन आली. बायकांना एका जागी उभं राहून गायला सांगितलं तर आवाज फुटेना; चालायला सांगितलं तर माइक लांब राहायचा. शेवटी अनयने माइक बांबूला बांधला आणि तो बांबू खांद्यावर घेऊन त्यांच्या वर्तुळाबरोबर स्वतःच गोल फिरत राहिला, घामाने निथळत, वायर पायात येऊ नये म्हणून वाकून, आणि त्याच्या नकळत तिसऱ्या मात्रेला वाकत. राहीबाईला हेडफोन दिला तेव्हा तिने आधी तो हातात उलटसुलट करून बघितला. मग कानाला लावला, डोळे मोठे केले, सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि स्वतःचा आवाज ऐकत बसली. जेवायची वेळ झाली तरी देईना.

"कसा आहे?" मृणालीने विचारलं.

"बाई बरी गाते," राहीबाई म्हणाली.

'सरक' नावाचा तिसरा अल्बम दिवाळीच्या आधी बाहेर आला. मुखपृष्ठावर केदारचा तो शर्ट होता, हळदीच्या पंजासकट, आणि मागे गाणाऱ्या प्रत्येकीचं पूर्ण नाव. समीक्षकांपैकी काहींना आवडला. एकाने लिहिलं की बँडने आपली खोली गमावली. केदारने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिघं पोट धरून हसले. त्या समीक्षकाला काही वाईट बोलावं असं कुणालाच वाटलं नाही. लग्नसराई सुरू झाली तसे अंबाडीपासून पडघ्यापर्यंतच्या गावांतून फोन यायला लागले, आणि केदारने कॉलेजात मुलाखत घ्यायला बसल्यासारखं गंभीरपणे नवऱ्या-नवरींची माहिती विचारून प्रत्येक हळदीसाठी वेगळी कडवी लिहायला घेतली.

मृणाली मात्र रोज शाळेत जात होतीच. डिसेंबरातल्या एका दुपारी ती फळ्यावर वर्तुळाचं प्रमेय काढत होती. पाठ वळल्यावर मागच्या बाकांवरून आवाज आला. आधी एका बाकावर बोटं, मग दोन, मग अख्खी रांग, आणि दबक्या आवाजात, "सरक, सरक."

ती वळली. वर्ग चिडीचूप. चाळीस निरागस चेहरे.

"कोण वाजवत होतं?" तिने विचारलं.

मग शेवटच्या बाकावरची पूर्वा नावाची मुलगी खाली मान घालून उभी राहिली.

मृणालीने खडू ठेवला, हात झटकले आणि टेबलापाशी आली. "तिसऱ्या मात्रेला घाई करतेस," ती म्हणाली. "तिथे जरा वाकायचं असतं. हे बघ." आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.